कातणाने कापलेले बर्गर

माझा स्वभाव मूळचाच संशयी. पुण्यात मी दूधवाल्याच्या मापावर डोळा ठेवून असायची. बहारीनला आल्यावर दूध पावडरीचं झालं, तेव्हा तो सगळा संशय मटणाकडे वळला. आमच्याकडे मटण चालायचं, गाईचं मात्र नाही. माहेरहून आणलेला एवढा एकच नेम मी पाळत होते, बाकीचे विमानात बसतानाच सुटले होते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. ईदच्या सुट्टीत नवऱ्याच्या मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपच्या साहेबाने सगळ्या कुटुंबांना रिफा गावातल्या आपल्या बंगल्यावर बोलावलं. अंगणात कोळशाची शेगडी तो पेटवणार, बर्गर ज्याने त्याने घरून करून आणायचे. मी म्हटलं, बटाटेवडे नेते. माझी नऊ वर्षांची मुलगी इंग्रजी शाळेतली, तिला मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत. “नो वडा, आई. एव्हरीबडी विल लाफ,” ती म्हणाली. मग बर्गर करणं आलं.

मटणाला मी जिदहफ्सच्या बाजारात गेले. माझ्या डोळ्यांदेखत खाटकाच्या यंत्रातून कुणाचा तरी बीफचा खिमा बाहेर पडला, आणि लगेच त्याच यंत्रात तो माझं मटण टाकायला निघाला. मशीन नको, हे मी मोडक्या अरबीत ओरडले, “मशीन मफी! मफी!” त्याने हसून अख्खी मांडी पिशवीत घातली. बाईच्या डोक्यात काहीतरी कमी आहे, असं त्याला वाटलं असावं.

आता घरी खिमा करायचा कशात? आमच्या वरच्या मजल्यावर वसईची एक ख्रिस्ती बाई राहायची. ती हॉस्पिटलात नर्स, आणि तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच वर्कशॉपमध्ये. अख्ख्या इमारतीत जिच्यापाशी मन मोकळं करावं अशी ती एकटीच होती. तिच्याकडे टेबलाला आवळून बसवायचं, हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र होतं. मी मागताच तिने ते खाली आणून दिलं. “धुतलेलं आहे गो, तसंच वापर,” ती म्हणाली.

ती जिना चढून गेली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आजवर यातून काय काय निघालं असेल! मी यंत्राचा स्क्रू न् स्क्रू सोडवला, चिंचेने घासला, सोड्याच्या पाण्यात उकळला आणि पुन्हा घासला. नेमकी तेव्हाच ती आलं-लसणाची वाटी घेऊन परत आली. ओट्यावर पसरलेले सुटे भाग तिने पाहिले. “एवढी तर आम्ही ऑपरेशनची हत्यारं पन नाही उकळत,” म्हणून ती हसली. मीही हसले. तिचं हसू जरा लवकर संपलं, हे मला दिसलं होतं. तरी मी कामाला लागले.

खिम्यात कांदा, हिरवी मिरची, गरम मसाला आणि भिजवून पिळलेला पाव घालून टिक्क्या थापल्या. तरी धाकधूक होतीच. तिचे बर्गर बीफचे असणार आणि शेगडी एकच. अदलाबदल झाली तर? मग मी करंज्यांचं कातण काढलं आणि एकेका टिक्कीची कड कातून घेतली. बीफला करंजीची कड कोण देणार! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झाले.

रिफाला आम्ही वरच्या वसईकरांच्याच गाडीतून गेलो. साहेब हातात चिमटा घेऊन तयारच होता. “यल्ला, यल्ला,” चला, आटपा करत त्याने आम्हा दोघींचे डबे एकदमच शेगडीवर उपडे केले. चरबी ठिबकली, जाळ उठला, टिक्क्या आकसल्या आणि माझ्या नक्षीदार कडा बघता बघता जळून गेल्या. दहा मिनिटांत कुठली माझी आणि कुठली तिची, काही कळेना. नवऱ्याने हात पुढे केला, मी डोळे वटारले. मुलगी तर तोंडभर खात होती. “तो आपला आहे का?” मी तिला विचारलं. “इट्स यमी,” ती म्हणाली. हे काय उत्तर झालं?

वसईकरीण एक ताटली घेऊन माझ्याकडे आली. “बिनधास्त खा. आज मी पन मेंढीचेच केलेत. तुला टेन्शन नको म्हणून.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या नवऱ्याला बीफच लागतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. मग सणासुदीला माझ्यासाठी मेंढी?

“खरंच?” मी विचारलं. “पण यंत्र तर माझ्याकडे होतं. खिमा कुठे केलास?”

“सुरीने कापला. ड्युटीवरून आले ती तेच करत बसले.”

तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. ती मी पाहिली आणि तरीही म्हणाले, “नको गं, आज माझा उपास आहे.” येताना गाडीत तिनेच दिलेला समोसा मी खाल्ला होता.

“तुला टायफॉइड झालेला तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरून सूप येत होतं,” ती हळूच म्हणाली. “तेव्हा नाही विचारलंस.”

अगदी खरं होतं. उठून बसायचीही ताकद नव्हती, आणि तिने चमच्याचमच्याने मला ते पाजलं होतं. माझे डोळे भरून यायला हवे होते. पण खोटं कशाला सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की त्या सुपात काय होतं?

ते माझ्या चेहऱ्यावर उमटलं असणार. आजाऱ्यांचे चेहरे बघण्यातच तिचा जन्म गेलेला. तिने माझ्यापुढची ताटली काढून घेतली.

“नेव्हर माइंड,” ती म्हणाली.

त्यानंतर चार वर्षं आम्ही त्याच इमारतीत राहिलो. जिन्यात भेटली की ती थांबायची, मुलीची चौकशी करायची, सगळं नीट, सगळं इंग्रजीत.