अध्यक्षपदाविषयी दोन मते

ज्या रविवारी घाटकोपरच्या आमच्या वाचनालयाच्या सभेने मामांना अध्यक्षपदावरून काढले, त्याच संध्याकाळी त्याची सूचना मामांनीच लिहिली. 'काढले' हा शब्द माझा. मामांनी तो चालू दिला नसता.

असा निःपक्षपाती माणूस मुंबईच्या उपनगरांत दुसरा झाला नसेल. मामा सरकारी कचेरीत भाषांतरकार होते. दिवसभर वादी-प्रतिवादींचे कागद मराठीत आणता आणता बाजू घेण्याची त्यांची शक्तीच झिजून गेली असावी. माझ्यासाठी मुलुंडची मुलगी पाहून आलो तेव्हा आईने विचारले, "दादा, कशी वाटली?" टोपी खुंटीला लावत मामा म्हणाले, "मुलगी आहे. तिने पोहे आणून दिले." थोरला मुलगा मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा "उत्तीर्णांत त्याचा नंबर आढळला नाही," असे त्यांनी घरात जाहीर केले, आणि मामी रडू लागताच "शोध चालू आहे" अशी पुस्ती जोडली. मामीचे आणि आईचे वाजले की दोघींचेही म्हणणे विचारात घेण्यासारखे ठरवून ते चप्पल पायात सरकवत. मामी म्हणायची, "लग्नातला अंतरपाट सगळ्यांनी खाली घेतला. हे अजून धरूनच उभे आहेत."

याच गुणाने त्यांचा घात केला. तरुणांना वाचनालयात कॅरम हवा होता, पेन्शनरांना शांतता. मामांनी दोघांचे ऐकले. वर्षभर ऐकले, निर्णय दिला नाही. त्या रविवारच्या सभेत आवाज चढले, जेवणाची वेळ झाली, तसे मामा सभा तहकूब करून घरी आले. ते पानावर बसले होते तेव्हा मागे उरलेल्या सभासदांनी एका तरुण वकिलाला अध्यक्ष निवडले. पेन्शनर म्हणाले, सभा संपल्यावर कसली निवड? वकील म्हणाला, सभेला न विचारता ती संपवणारे मामा कोण?

संध्याकाळी दोन्ही पक्ष मामांच्याच खोलीत आले. वाचनालयाच्या फळ्यावर लावायची सूचना दुसऱ्या कुणी लिहिलेली कुणालाच पटणार नव्हती.

"'माजी अध्यक्ष' लिहा ना मामा, की झालं," वकील म्हणाला.

"माजी? 'अध्यक्षांविरुद्ध कट' लिहा!" पेन्शनरांचे पुढारी, जुने मास्तर, ओरडले.

"कट म्हटलं की तुमची सरशी, माजी म्हटलं की यांची," मामा थकलेल्या आवाजात म्हणाले. "जरा थांबा."

त्यांनी 'पायउतार' लिहून खोडले. 'पदमुक्त' खोडले, त्यात सुटकेचा आनंद दिसतो म्हणाले. दिवेलागण झाली, मामीने दोनदा चहा फिरवला, आणि शेवटी मजकूर ठरला: 'अध्यक्षपदाविषयी सभासदांत दोन मते आहेत. वाचनालय नेहमीच्या वेळी उघडेल.'

"पण उघडणार कोण?" मास्तरांनी विचारले.

मामांनी सदऱ्यात हात घातला, जानव्याला बांधलेली किल्ली सोडली आणि वकिलाच्या हातावर ठेवली.

"अहो, हे काय केलंत? मग लिहिलंत कशाला?"

"लिहिलं ते खरंच आहे, मास्तर. पण उद्या लोक येऊन दारात उभे राहतील."

सगळे गेले. मी कोपऱ्यात बसून होतो, पण भाच्याला ती दोघे परका धरत नसत. मामी समोर येऊन बसली.

"अहो, आता बाहेरचं कुणी नाही. तुम्ही अध्यक्ष आहात की नाही?"

मामांनी रिकामी बशी कपाखाली सरकवली.

"मी काढलं गं ते वाचनालय," ते म्हणाले. "मला फार वाईट वाटलं."

मामीने दिवा बारीक केला आणि ती तिथेच बसून राहिली.

त्यानंतरही मामा रोज वाचनालयात जात. खुर्चीवर मात्र बसत नसत; बसलो तर लोक त्याचा काही अर्थ काढतील म्हणून वर्तमानपत्र उभ्यानेच वाचत. तो वाद कधी मिटला नाही. वाद घालणारेच हळूहळू कंटाळले.

गेल्या चैत्रात मामा गेले. वाचनालय रोज संध्याकाळी उघडते.