नागपंचमीच्या दुपारी फुटलेला पान्हा

भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवर सगळे सुरुवातीला असंच लिहितात, पूजा मला वाचून दाखवते... पण माझं खरंच तसं होतं. माझे वडील चिखलीचे, पैलवान माणूस. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेला नारळ दिसला की सरळ घरी आणायचे, फोडायचे आणि आम्हाला खोबरं द्यायचे. आम्ही भावंडं असलं खोबरं खाऊन वाढलो. कुणाला काही झालं नाही.

मी आता नव्वदी ओलांडली आहे. मी सांगते आणि पूजा टाइप करते. पूजा म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची नात. माझी स्वतःची नात नाही. का नाही, ते पुढे येईलच.

लग्न होऊन मी पुनावळ्याला आले. तेव्हा पुनावळं म्हणजे शंभरेक उंबऱ्यांचं गाव, चहूकडे बाजरी आणि मधून पवना. चिंचवड स्टेशनला जायचं तर नावेतून नदी उतरायची आणि पुढे पायी. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना नुकता सुरू झाला होता, पेनिसिलिनचा. आमचे हे तिथे लागले. काचेच्या बाटल्या धुवायचं काम होतं. घरात सासूबाई, शाळेत जाणारे धाकटे दीर, थोरले दीर आणि थोरली जाऊ गंगूआक्का. आक्काला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे माझी शकू झाली तेव्हा ती माझ्यापेक्षा आक्काच्याच कडेवर जास्त असायची. भूक लागली की तेवढी माझ्याकडे.

शकू सात-आठ महिन्यांची असेल. ती डाव्या बाजूला प्यायला कुरकुर करायला लागली. तोंड लावायची, सोडायची, रडायची. हात लावून बघितलं तर आत गाठ. सासूबाई म्हणाल्या, ‘दुधाची गाठ हाय, शेकलं की जाईल.’ महिनाभर शेकलं, लेप लावले. गाठ हलत नव्हती आणि दुखतही नव्हती. दुखत नाही म्हणून मी निश्चिंत होते... तेव्हा काय माहीत, न दुखणारीच वाईट.

चिंचवडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात तपासलं, सुई घालून तुकडा काढला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला आत बोलावलं. मला बाहेर बाकावर बसवलं, शकू मांडीवर. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले. माझ्याकडे न बघता पायरीवर जाऊन बसले आणि टोपी काढून हातात फिरवत राहिले.

मी जवळ जाऊन विचारलं, “काय म्हणले डागदर?”

“मुंबईला जायाचं.”

“कशाला?”

“कापाया लागंल.”

“गाठ?”

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग शकूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “समदंच.”

कॅन्सर हा शब्द मी मुंबईत ऐकला. पण त्याआधी गावानं ऐकला होता. पाणवठ्यावर बायका मला जागा सोडून बसायला लागल्या. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. त्यांना वाटलं, हे दुखणं एकाचं दुसऱ्याला लागतं. एक आक्का तेवढी माझ्या ताटात जेवायला बसली. म्हणाली, “मला लागलं तर लागू दे. माझ्यामागं कोण रडणार हाय?”

आषाढात आम्ही निघालो. शकूला नेता येणार नव्हतं. नावेत बसले तेव्हा ती आक्काच्या कडेवर होती. तिला वाटलं, मी नेहमीसारखी बाजाराला चालले. तिनं हात केला, हसली. मी बघत राहिले.

मुंबईच्या इस्पितळात माझी डावी बाजू काखेपर्यंत काढली. शुद्धीवर आले तेव्हा छातीला एवढं मोठं बँडेज होतं आणि हात उचलता येत नव्हता. उजवीकडचं दूध आटावं म्हणून त्यांनी आधीच घट्ट फडकं बांधलं होतं. ते चार-आठ दिवसांत आटलं. दूध आटताना फार ठणकतं, बायकांना माहीत आहे. त्या ठणक्यापुढं मला कापल्याचं दुखणं कमी वाटलं.

शेजारच्या खाटेवर रत्नागिरीकडच्या एक काकू होत्या. एक दिवस सकाळी त्या म्हणाल्या, “आज नागपंचमी हो. आज काही चिरायचं नाही, कापायचं नाही.” आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. हसल्यावर माझे टाके ओढले. त्या सणामुळेच मला दिवस पक्का आठवतो.

त्या दुपारी जेवण झालं होतं. वॉर्डात सगळ्या पडल्या होत्या, मी जागी होते. एकदम मला पान्हा फुटला.

कसं सांगू... ज्या बाईनं अंगावर पाजलंय तिलाच कळेल. आधी आत मुंग्या येतात, मग काहीतरी दाटतं, मग गरम धार सुटते. तसं झालं आणि ते डावीकडे झालं. जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे. उजवी बाजू कोरडी होती, मी हात लावून बघितलं. डावीकडे मात्र कुणीतरी ओढून पीत असल्यासारखं. मला त्या ओढीची सवय होती. शकू सुरुवातीला जोरात प्यायची, मग थांबायची, मग पुन्हा हळू. तसंच, अगदी तसंच. आणि मला दुखत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही दुखत नव्हतं.

थोड्या वेळानं ते थांबलं. बँडेज ओलं लागलं. मला वाटलं टाका तुटला, रक्त आलं. मी हाक मारली. सिस्टर मार्था आल्या, नगरकडच्या होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी पट्टी सोडली आणि थबकल्या. आतला कापूस पांढरा भिजला होता. त्यांनी तो नाकाशी नेला, बोटांवर घेऊन चोळला.

“सिस्टर, रक्त हाय का?”

“नाही.”

“मंग?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, मलाही दोन लेकरं आहेत. मला दूध कळतं. पण हे डॉक्टरांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील. तुम्हीही कुणाला बोलू नका.”

डॉक्टर आले. सिस्टरनी फक्त ओलं झालं होतं एवढंच सांगितलं. ते म्हणाले, जखमेचं पाणी असतं. असतं, खरं आहे. जखमेचं पाणी मी नंतर पुष्कळ बघितलं. ते पिवळसर असतं.

मी कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही.

हे नेहमी रविवारी यायचे. त्यानंतर दोन रविवार आले नाहीत. मग आले ते वाळलेले, डोळे आत गेलेले. मी विचारलं, “शकू कशी हाय?”

“बरी हाय.”

“चालती का?”

“व्हय. धरून चालती.”

पुढे विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले. प्रत्येक खेपेला मी विचारायचे आणि ते सांगायचे. दात आला. आक्काला ‘आ’ म्हणती. भाकरी चोखती. एवढं बारीक सांगायचे की मी डोळे मिटले की मला ती दिसायची. त्या दिसण्यावर मी ते शेक सहन केले.

दसऱ्याच्या आसपास घरी सोडलं. नदीचं पाणी उतरलं होतं. नाव गावाकडे लागली तेव्हा काठावर आक्का उभी होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते. मी तिच्या मागे बघितलं, कुणी पोरीला धरून उभं आहे का. कुणी नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खाली बसले, तिथेच चिखलात, आणि ओरडून रडायला लागले. मी तोवर कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

शकू गेली होती. तापानं तिची छाती भरली होती. पवनेला पूर होता, नाव बंद. हे कारखान्यात गेलेले, पलीकडेच अडकले. पोर अलीकडे, डॉक्टर पलीकडे. त्या तापाला जे औषध लागतं तेच ह्यांच्या कारखान्यात होत होतं. औषधाचं हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला फार नंतर, दुसऱ्याच एका बाईकडून कळलं. त्यानंतर त्यांनी ती नोकरी का सोडली तेही कळलं.

मी खाणं सोडलं. मला एकच वाटायचं, मला कशाला वाचवलं? माझ्या अंगातलं सगळं कापलं, जाळलं आणि तीच राहिली नाही. दिवाळीनंतर तपासायला मुंबईला जायचं होतं. मी सांगितलं, येणार नाही. परत गाठ येऊ दे. ह्यांनी हात जोडले, सासूबाईंनी जोडले. त्यांनी माझं ताट पुन्हा घरच्यांत मांडलं होतं. मी त्या ताटाला शिवत नव्हते.

एक दिवस उन्हाच्या वेळी मी आणि आक्का अंगणात बाजरी पाखडत होतो. म्हणजे ती पाखडत होती, मी बसले होते. तिनं सूप खाली ठेवलं.

“इंदे, तुला येक सांगायचंय. मला येडी म्हण, पर ऐकून घे.”

मी सुपाकडेच बघत राहिले.

“पोरीनं दोन दिस काय घेतलं न्हवतं. बोंडल्यानं घातलं तरी भायेर टाकायची. नागपंचमीला समद्या बाया वारुळाला गेल्या. मी हिला मांडीवर घेऊन बसले. दुपारच्याला तिनं डोळं मिटूनच तोंड हलवाया सुरुवात केली. मला वाटलं, आता संपलं. पर न्हाई गं... ती पीत व्हती. गुटुक गुटुक आवाज येत व्हता. घोट उतरताना गळा हलायचा. आदी जोरात, मंग थांबली, मंग हळू. मूठ उघडत झाकत व्हती, तुझ्यापाशी करायची तशी.”

माझा हात आपोआप डाव्या बाजूला गेला.

“मंग व्हटाच्या कडंनं दूध वघळलं. खरं दूध, इंदे. मी पदरानं पुसलं. कोमट व्हतं. घरात दुधाचा टिपूस न्हवता, व्हतं ते वारुळाला नेलं व्हतं. आन माझ्या अंगाला कुठलं दूध? नंतर तिनं ढेकर दिला. निजली. ती निजलीच. मी कुणाला बोलले न्हाई. म्हणतील, वांझोटीला याड लागलं.”

मी तिला काही न सांगता चोळीची गाठ सोडली. त्या दिवसापर्यंत माझी छाती मी घरी कुणाला दाखवली नव्हती, ह्यांनासुद्धा नाही. मी आक्काचा हात धरला आणि त्या व्रणावर ठेवला. मग मी तिला वॉर्डातली दुपार सांगितली. सणाचा दिवस, ओला कापूस, सिस्टर मार्थाचं बोलणं, सगळं. ती ऐकत होती आणि तिनं व्रणावरचा हात काढला नाही. पुढे आम्ही दोघी कितीतरी वेळ रडलो. कोंबड्यांनी सुपातली बाजरी खाल्ली, सासूबाईंनी बघितलं आणि न रागावता त्या आत गेल्या.

संध्याकाळी मी भाकरी खाल्ली. अर्धीच. पण खाल्ली.

दिवाळीनंतर मी तपासायला गेले. बरोबर ह्यांच्याऐवजी आक्का आली, जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसली. सिस्टर मार्था तोवर दुसरीकडे गेल्या होत्या. मी धीर करून मोठ्या डॉक्टरांना विचारलं, कापलेल्या जागी दूध येतं का? ते रागावले नाहीत. समजावून म्हणाले, दूध करणारं तिथे काही शिल्लकच नाही, बाई. मनाला वाटतं तसं. मी म्हटलं, बरं.

नंतर मी दरवर्षी गेले. गाठ परत आली नाही. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा मूल नको. ते आम्ही पाळलं. हे गेले, सासूबाई गेल्या, आक्का गेली. आक्काला मी शेवटपर्यंत माझ्या हातानं भरवलं.

पूजा म्हणते, “आजी, कमेंटमध्ये लोक विचारतील.” तिनं स्वतःच मला सगळं समजावलंय. कापलेला अवयव आहे असं वाटतं, त्याला इंग्रजीत नाव आहे. आजारी लेकरं झोपेत तोंड हलवतात. एखाद्या कोपऱ्यात थोडी ग्रंथी राहून गेली असेल. आक्कानं मागाहून दिवस जुळवला असेल. मी हे सगळं मान्य करते. माझे वडील असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण मी आक्काला काही सांगायच्या आधी तिनं मला सांगितलं होतं, आणि सिस्टरच्या बोटांवर काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. याच्यापुढे माझं डोकं चालत नाही. साठ-सत्तर वर्षं झाली, अजून चालत नाही.

आता पुनावळ्यात बाजरीच्या जागी टॉवर उभे आहेत. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी, लातूरकडची, नवरा चाकणला कंपनीत, डोक्याला रुमाल बांधून माझ्याकडे आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की या आजींना पूर्वी कॅन्सर झाला होता. खाली बसली आणि म्हणाली, “आजी, तुम्ही कशावर जगलात?”

मी तिला म्हटलं, औषधावर. ते खरंच आहे, आणि तिला तेच ऐकायला हवं होतं. तिला मी चहा केला.

पण तुम्हाला सांगते. माझी शकू उपाशी गेली नाही, एवढ्यावर मी जगले.