टाळूवरचं तेल

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. त्याच आठवड्यात धाकट्या जावेला मुलगा झाला, पुऱ्या दिवसांचा, गुटगुटीत. महिनाभर दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहून माझी मुलगी आमच्या गावी, बेल्याला, घरी आली, तेव्हा सासूबाई जावेच्या मुलाला पायांवर घेऊन तेलानं त्याची टाळू भरत होत्या. माझा नुसता जळफळाट झाला.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींचा आलेख काढू, म्हणजे वाढ नीट चालली आहे का ते कळेल. डोकं धुवून आणा, तेल लावू नका, मुलगी झोपलेली हवी.

"डाक्टरनं तेल नोको लावू सांगतलं ना," म्हणून सासूबाईंनी तिची टाळू एकदाही भरली नाही. चूक काहीच नव्हती त्यांची. पण तेलाची वाटी रोज त्या एकासाठीच निघायची. माझी मुलगी काय उकिरड्यावरची आहे? जायच्या दिवशी सकाळी मीच गुपचूप तिची टाळू भरली आणि वर टोपरं बांधलं.

तारा चिकटेनात. "तेल लगाया क्या?" तारा लावणाऱ्यानं विचारलं. "नहीं तो," मी धडधडीत खोटं बोलले. पुसूनपुसून लावल्या तरी पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा आल्या. डॉक्टर म्हणाले, यातून काही सांगता येणार नाही, आठ दिवसांनी या. ते आठ दिवस मला घास गेला नाही. मुलीच्या मेंदूत काही कमी असलं तर?

दुसऱ्या खेपेला जाऊ सोबत आली. घरातले सगळे कापूस वेचायला गेलेले आणि तिचा मुलगा सासूबाईंपाशी. मला ती नकोच होती. या वेळी तारा चिकटल्या, पण मुलगी रडायची थांबेना. धास्तीनं मला पान्हाच फुटेना.

"ताई, द्या इकडं. काऊन रडवून राह्यल्या तिले?" म्हणत जावेनं तिला पदराखाली घेतलं. पाच मिनिटांत मुलगी गाढ झोपली.

पडद्यावर रेघा संथ उठू लागल्या. डॉक्टरांनी बोटानं दाखवलं, झोपेतल्या लहरी अगदी वयाप्रमाणे आहेत, काळजी नको. मी रडलेच. जावेचेही डोळे भरले, आणि तेही मला खपलं नाही. हिनं कशाला रडायचं?

तारा काढताच मी मुलीला जावेच्या मांडीवरून उचललं, जरा ओढूनच. मुलगी जागी झाली, तिनं माझ्या छातीशी दोनदा तोंड घासलं आणि मान वळवून ती जावेच्या दिशेनं ओठ हलवू लागली.