मुकादम मॅडम आणि बिनचिठ्ठीच्या बाटल्या

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत रिकामी बाटली फेकणं म्हणजे पाप! सरबताच्या बाटलीत रॉकेल, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तिळाचं तेल. मग किस्सेही माळ्यावरच्या बाटल्यांसारखे साठतच जातात. आणि प्रत्येक किश्श्यात तळमजल्यावरच्या मुकादम मॅडम असतातच. मूळच्या अलिबागकडच्या, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. बाटली कुठलीही असो, त्यांचा नियम एकच: "चिठ्ठी नाही, तर जिभेला सुट्टी!"

एकदा जिन्यात पाण्याची भरलेली बाटली दिसली. मी झाकण उघडलं आणि नाकात अशी झिणझिणी गेली की मी किंचाळलेच, "अ‍ॅसिड!" अख्खी बिल्डिंग गोळा झाली. मॅडमनी बाटली लांब धरून, हातानं वारा घालत वास घेतला. मग बशीत थोडं ओतून त्यावर चिमूटभर खायचा सोडा टाकला. फस्स!

"अ‍ॅसिडच आहे गं," त्या म्हणाल्या, "पण नूडल्सवर घालायचं. दुसऱ्या मजल्यावर आज चायनीजचा क्लास आहे ना!"

मॅडमच्या शेजारचे शिंदेकाका साताऱ्याचे. मार्केटात त्यांचा कांद्या-बटाट्याचा गाळा. त्यांनी कळंबोलीच्या एका ट्रकवाल्याकडून "एकदम प्युअर" खोबरेल आणलं. मॅडमनी त्यातलं वाटीभर फ्रिजमध्ये ठेवलं. खाली पांढरीशुभ्र वडी झाली, वर तेल तसंच पातळ.

"निम्मं तर गोठलंय की, मॅडम!"

"हो ना. उरलेल्या निम्म्यानं नारळ बघितलेलाच नाही!"

मग माझ्या पलंगावर छतातून थेंब पडायला लागले. आता स्लॅब कोसळणार म्हणून मी उशी कवटाळून खाली पळाले! वरच्या फ्लॅटमधले आमचे सेक्रेटरी मात्र ठाम. "गच्चीवरच्या टाकीचं पाणी आहे ते. आपला काय संबंध नाय!"

मॅडमनी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद थेंबाखाली धरला. पिवळ्याचा लालभडक झाला.

"टाकीला साबण लावून आंघोळ घालता वाटतं, सेक्रेटरीसाहेब?"

वरची मोरी लगेच दुरुस्त झाली.

याच सेक्रेटरींना एकदा पॅसेजमध्ये काळपट दाट काहीतरी भरलेली बाटली सापडली. शिंद्यांची गावाकडची काकवी असणार, म्हणून त्यांनी बोट बुडवून तोंडाशी नेलं. मॅडमनी हातावर अशी चापट मारली की मीच दचकले! ग्लासभर पाण्यात त्यांनी एक थेंब टाकला. पाणी पांढरंफटक.

"फिनाईल. काकवीचं दूध होत नाही!"

आणि मग शिंदेआजी आजारी पडल्या. काकांच्या आई. डॉक्टरांनी हात टेकले होते. कधीकाळी यजमानांनी काशीहून आणलेलं गंगाजल शेवटी तोंडात पडावं, एवढीच त्यांची इच्छा. शिंद्यांच्या घराला रंग चालला होता, म्हणून देव्हाऱ्यातलं सामान मॅडमकडे ठेवलेलं. काका रडतच गंगाजल मागायला आले.

मॅडमनी कपाट उघडलं. खोकल्याच्या औषधाच्या दोन सारख्या बाटल्या. एकीत आजींचं गंगाजल. दुसरीत मॅडमच्या बहिणीनं हजहून आणलेलं, मक्केतल्या पवित्र जमजम विहिरीचं पाणी. आणि चिठ्ठी एकीवरही नाही! जगाला चिठ्ठ्या लावायला सांगणाऱ्या मॅडमना वाटलं होतं, आपल्या लक्षात राहील.

त्यांनी भराभर सगळं करून बघितलं. वास नाही, कागदावर डाग नाही, हळद पिवळीच.  

"पाणी आहे," त्या म्हणाल्या.

"कुठलं?" काकांनी विचारलं.

 मॅडम दोन्ही बाटल्या घेऊन शेजारी गेल्या आणि आजींच्या उशाशी बसून, खाली मान घालून सगळं खरं सांगून टाकलं. 

आजींनी एक डोळा उघडला.

"मग दोनी घाल की गं! कंचं लागू पडंल, कुनाला ठावं?"