हळदीच्या रंगाची वायर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच खुदखुदलात की माझी लिंक तुटते. तशी मी काही अगदीच येडीगबाळी नाही हो. सोळा सोमवार, संकष्ट्या, हरतालिका, कधी एक नेम चुकवला नाही. आणि तरी, नव्हे, त्यामुळेच, मी एकदा आमच्या गाडीत असा काही देव बसवला की अजून सोसायटीत माझं नाव निघतं.

तेव्हा वाशीत निम्मे ब्लॉक रिकामे असायचे. ह्यांनी नोकरी सोडून जुनी पिकअप घेतली. पुढे तिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. दिघ्याच्या एका कारखान्यातून काचेच्या बरण्या पोचवायचं रोजचं काम मिळेल अशी आशा होती. मालक सावंतशेठ म्हणाले होते, एक खेप मी स्वतः शेजारी बसून बघेन. चालवणं पटलं तर काम तुमचं. घर त्या कामावर चालायचं होतं, दुसरं काही हातात नव्हतं. मग मी गणपतीला साकडं घातलं, आणि ह्यांच्या मागे लागले की डॅशबोर्डवर त्याची तसबीर पाहिजे, वर छोटा दिवा पाहिजे.

"आधी मूळ गाडी धड चालू दे. ही जादा फिटिंग कशाला?" हे म्हणाले. पण बल्ब आणला.

आता दिवा म्हटला की वायर आली. आणि वायर जोडायची डॅशबोर्डच्या पोटात. ह्यांचा पंजा म्हणजे भाकरीचा तवा, मनगटाच्या पुढे आत जाईना. माझा हात गेला. मग काय, बॅटरीची तार सोडली, पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मी सीटवर उताणी झाले. डोकं स्टिअरिंगच्या खाली, पाय दाराबाहेर. येणारेजाणारे माझ्या पायांना विचारत होते, "काय वहिनी, बरं आहे ना?"

आत काय दुनिया होती म्हणून सांगू! लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या वायरींचं जंजाळ. प्रत्येक कुठून तरी आलेली, कुठे तरी निघालेली. मला तर एकेकीला धरून विचारावंसं वाटत होतं, बाई गं, तू कुठली?

बाहेरून ह्यांनी सांगितलं, "किल्लीच्या मागून काळी वायर येते, तिला जोड. किल्ली फिरवली की दिवा लागेल."

काळी? श्रावणी सोमवार, पोटात साबुदाण्याचा दाणा नाही, आणि देवाला काळं? शेजारीच छान हळदीच्या रंगाची वायर होती. मी विचार केला, वीज आतून वाहते, वरचं ते नुसतं लुगडं. विजेला त्याचं काय? पिवळीला जोडलं, चिकटपट्टी गुंडाळली आणि हळूच नमस्कार केला.

ह्यांनी बॅटरी जोडून किल्ली फिरवली. दिवा नाही. "बल्बच मेलेला दिसतोय," म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी हे घामाघूम होऊन घरी आले. तुर्भ्याला एकदम म्हैस आडवी आली आणि त्याच क्षणी मेलेला बल्ब पेटला! तिसऱ्या दिवशी सायकलवाला आला, पुन्हा पेटला. देवाला फक्त दिवाळीत हात जोडणारा हा माणूस. आता संकट दिसलं की गणपती दिवा लावून सांगतो, असं सगळ्यांना सांगत सुटला. पाय आधी हलला की दिवा आधी लागला, हे अशा वेळी कोण बघतं?

सोसायटी दर्शनाला लोटली. समोरच्या गोखलेकाकू फूल वाहायला ड्रायव्हरच्या बाजूने चढल्या आणि दिवा लागला. गाडी बंद असताना! काकूंची भक्ती थोर ठरली. आणि मी? मी पलीकडच्या बाजूला तासन्‌तास जप करत बसायचे, तर काजव्याएवढा उजेड नाही. माझं काय चुकतंय हे काही केल्या कळेना. मी सोमवार अळणी करायला लागले.

शेवटी सावंतशेठांच्या खेपेचा दिवस आला. बरण्या आदल्या दिवशी भरून आणल्या होत्या, सकाळी शेठ आमच्या दारातून बसणार, माल उरणला जाणार. मी गाडीच्या मागे स्वस्तिक काढत होते. पुढे काकू हार घालायला चढल्या. आणि माझ्या नाकासमोर मागचा लाल दिवा लागला. तिकडून काकू ओरडल्या, "लागला गो, देव लागला!"

मी कुंकवाची वाटी घेऊन उभीच राहिले.

"काकू, पाय कुठे आहे तुमचा?"

"ह्या खुंटीवर. का गो?"

"उचला बघू."

लाल दिवा गेला. देवही गेला.

ती खुंटी म्हणजे ब्रेक होता हो, आणि माझी पिवळी वायर मागच्या ब्रेकच्या दिव्याची! हे सांगायला मी धावले, तर शेठ येऊन बसलेच. हे म्हणाले, "तूही चल, शकुनाची." मला दोघांच्या मध्ये बसवलं, मांडीत नारळ.

शेठांसमोर कसं बोलू? आणि ह्यांचं तर भलतंच. देव विझलेला म्हणजे धोका नाही, म्हणून गाडी सुसाट! मागे बरण्या किणकिणतायत, शेठांनी दाराची कडी घट्ट धरलीय. बेलापूरच्या पुढे दिवाळे गावच्या कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

"अहो, माणसं आहेत पुढे."

"दिवा कुठे लागलाय अजून?" हे शांतपणे म्हणाले.

मग मात्र माझा संयम सुटला. "अहो, आधी ब्रेक दाबा, मग देव लागेल!"

ब्रेक दाबला. देव लखलखला. गाडी पाट्यांपासून हातभरावर थांबली. एक कोळीण काचेशी वाकून म्हणाली, "काय रं, डोलं घरी ठेवून आलास?"

शेठांनी उतरून एकेक खोका उघडला. बरण्या शाबूत होत्या. मग मला सगळं सांगावं लागलं. काळी वायर, श्रावण, हळदीचा रंग.

ह्यांनी एकच विचारलं, "आणि गळ्यातले मणी कुठल्या रंगाचे आहेत?"

हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला.

शेठ मात्र शेवटचा खोका बंद करत म्हणाले, "काम देतो. पण रोज वहिनी मध्ये बसल्या पाहिजेत."

झालं. दिवा काळ्या वायरीवर गेला, किल्ली फिरवली की लागायला लागला, आणि मी कितीतरी महिने स्वयंपाक उरकून बरण्यांबरोबर उरणला जात राहिले. वाटेत कुणी विचारलं, गाडीत जादा फिटिंग काय काय केलंय, की हे सांगायचे, "एक गणपतीचा दिवा आणि एक ही. दिव्याला वायर लागते. ही बिनवायरची, ब्रेकच्या आधीच वाजते."