दुसरं ताट

आमच्या सरांइतकी ताटं नगर जिल्ह्यात कुणाला वाढली गेली नसतील, आणि त्यांच्याइतकं कमी कुणी जेवलं नसेल. नव्वदच्या दशकात मी एका प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळत होते, तिथले ते संशोधक. रक्तातली चरबी वाहून नेणारी प्रथिनं आणि जेवणातलं कणभर तांबं-जस्त यांचं नातं शोधणं हा त्यांचा विषय, आणि संसारही तोच. "बाई, चरबी रक्तात एकटी फिरत नाही," ते मला समजावत. "प्रथिनाच्या गाडीत बसूनच जाते. सोबत नसली तर जागची हलत नाही." एवढं सांगून ते स्वतः एकटेच वरच्या खोलीत जात आणि पातेल्यातली खिचडी उभ्याउभ्याच खात. एका माणसासाठी ताट कशाला घासायचं, हा त्यांचा हिशेब.

धातूशी त्यांचं उभं वैर. मोजायचं ते कणभर, मग बाहेरचा कण आत येता कामा नये. माझे प्लास्टिकचे डबे ते ॲसिडनं इतके धूत की जिल्ह्यात त्याहून स्वच्छ भांडं शोधून सापडलं नसतं. सफाईची जस्ताची बादली त्यांनी आवाराबाहेर काढली, माझा पितळी किल्ल्यांचा जुडगा दाराबाहेर टांगला. शेवटी आमचा शिपाई वैतागून म्हणाला, "सर, माझ्या दाढेत चांदी भरलीय. दाढ घरी ठेवून येऊ का?" यावर सर चिडले नाहीत, हसलेही नाहीत. खरंच विचारात पडले.

नमुने घ्यायची त्यांची रीत अशी : घरातली बाई दिवसभरात जे खाईल, तेच आणि तेवढंच तिनं दुसऱ्या ताटात वाढून ठेवायचं. ते आम्ही डब्यात भरून आणायचं, वाळवायचं, भट्टीत जाळायचं आणि राखेतलं तांबं-जस्त मोजायचं. पाथर्डीच्या पुढच्या एका गावातली ऊसतोडीला जाणारी घरं त्यांनी निवडली होती. रक्ताचे नमुने आधीच घेऊन झाले होते. दिवाळीनंतर गाव रिकामं होणार, त्याआधी ताटं मिळाली नाहीत तर कित्येक वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं.

पहिल्या दिवशी त्यातल्या एका घरच्या सुभद्राबाईंच्या डब्यात पुरणपोळी निघाली. दुसऱ्या दिवशी तूप थापलेला शिरा.

"अहो मावशी, तुम्ही रोज हे खाता?" सरांनी कपाळाला हात लावला.

"आमी कशाला खातोय? पर पावण्याच्या डब्यात ठेचा घालू व्हय? तुमाला घरी करून घालनारं कुनी न्हाई म्हनं."

"पण मी हे खात नाही. जाळतो."

सर खोटं बोलत नसत, आणि खरं कधी बोलू नये हेही त्यांना कळत नसे. सुभद्राबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "अन्न जाळता?" त्या एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एकाही घरानं डबा घेतला नाही. सर जीपच्या पायरीवर रिकामे डबे मांडीवर घेऊन बसले. एवढा केविलवाणा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बहुधा सुभद्राबाईंनीही पाहिला नसावा, कारण थोड्या वेळानं त्याच दारात आल्या.

"डाक्टर, आदी माझ्या घरात बसून जेवा. मंग दुसरं ताट न्या, न्हाईतर जाळा. उपाशी मानसाच्या हातानं अन्न जाळू द्यायची न्हाई मी."

सर मांडी घालून बसले. मांडी घालायची सवय मोडलेली, तेव्हा आधी भिंतीला टेकले. ते पाहून बाकीच्या घरांनीही डबे घेतले. सुभद्राबाईंनी काही दिवस तूप वाढलं, मग नुसतं तेल, आणि एका सकाळी त्यांनी सरांपुढे शिळी भाकर आणि ठेचा आदळला. "आज उशीर झालाय, गुमान खावा." परतताना सर जीपमध्ये लहान मुलासारखे हसत होते. "बाई, मिळाला! खरा नमुना मिळाला!" मला वाटतं, त्यांना नमुन्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं, फक्त ते मोजायचं यंत्र आमच्या स्टोअरमध्ये नव्हतं.

काम वेळेत पुरं झालं. तरी दिवाळीनंतर सर माझ्याकडे आले. "आकडे जरा शंकास्पद वाटतात. एकदा जाऊन यावं लागेल." आकड्यांत काही खोट नव्हती, मीच ते टाइप केले होते. मी जीपच्या कागदावर सही केली आणि सोबत निघाले.

सुभद्राबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "काल टेम्पो भरून गेली की. जाताना म्हनली, डाक्टर आले तर सांग, गुडीपाडवा झाल्यावर या म्हनावं."

सरांनी ते कुलूप एकदा हलवून पाहिलं. मग जीपमधून स्वतःची खिचडी आणली, ओट्यावर मांडी घालून बसले आणि तिचे दोन भाग केले, अगदी सारखे. एक नमुन्याच्या डब्यात भरला. मला वाटलं, सवयीनं. पण तो डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"बाई, दुसरं ताट."

इतकी वर्षं एका इमारतीत काढून आम्ही पहिल्यांदाच एकत्र जेवत होतो. समोर सगळी आळी बंद होती. खिचडीत मीठ नव्हतं. तरी मी डबा पुसून पुसून खाल्ला. जाळायला त्यांच्याकडे शीतभरही परत जायला नको होतं.