आनेकेची डावी बाजू

आनेके गेल्याचं कळलं तेव्हा मी नुकतीच ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले होते. लॉकरमधला फोन उघडला तर हॉलंडहून लीसचा मेसेज होता, दोन वाक्यांचा. 'ती आज सकाळी गेली. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते.' परक्या माणसाला दुसरं वाक्य नुसता तपशील वाटेल. पलंगाच्या कुठल्या बाजूला खुर्ची होती, याच्याशी कोणाला काय करायचंय? पण ते वाचून मी बाकावर बसले आणि तोंडावरचा मास्क काढायचं विसरले... पुढचा पेशंट टेबलवर घेतला होता, त्यामुळे फार वेळ बसता आलं नाही. आनेकेची त्याला हरकत नसती. सामना संपल्यावर कोर्टवर रेंगाळणाऱ्यांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

त्याला आता काही आठवडे झाले. आनेके एकेकाळी जगातल्या चार मोठ्या टेनिस स्पर्धांपैकी एकीत महिला दुहेरीची विजेती होती. इथे, सौदीतल्या जेद्दात, हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, व्यवसाय 'शिक्षिका' असा होता आणि तो खराही होता. ती एका शाळेत मुलींना खेळ शिकवायची. नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात इंजिनिअर होता. त्याच्या नोकरीमागून ती इथे आली आणि तो वारल्यावरही इथेच राहिली. परत का गेली नाहीस, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "तिकडे पाऊस फार पडतो, कोर्ट ओली असतात." हे कारण अर्धंच होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझी तिची ओळख झाली ती तिच्या गुडघ्यामुळे. मी भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पेशंटला चार प्रश्न विचारायचे असतात, तसे विचारले. आधीची ऑपरेशनं? तिने खांदा, मनगट, दुसरा गुडघा अशी यादी सांगितली. मी विचारलं, "अपघात झाला होता का?" म्हणाली, "नाही, टेनिस." "बरंच खेळायचात?" "थोडंफार." दुसऱ्या दिवशी आमचे हाडांचे सर्जन धावत आले, मोबाइलवर तिचा जुना फोटो घेऊन. कोण आहे माहीत आहे का, म्हणून. तोवर ती माझ्या औषधाने झोपली होती, त्यामुळे सत्कार टळला. शुद्धीवर आल्यावर तिने मला विचारलं, "सर्जनचं नाव रिपोर्टवर मोठं असतं आणि तुझं खाली बारीक, हो ना?" मी हो म्हटलं. "मग तुला दुहेरी जमेल," ती म्हणाली. मी पन्नाशीला टेकले होते आणि शाळेतल्या लंगडीनंतर कुठलाही खेळ खेळले नव्हते.

तिच्या कंपाउंडमधल्या, म्हणजे परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीतल्या, कोर्टवर मंगळवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही जमायला लागलो. तिच्या शाळेतली एखादी शिक्षिका यायची, मी, आणि सकीना. सकीना श्रीवर्धनकडची, तिच्या नवऱ्याचं शराफिया भागात मसाल्याचं दुकान, आणि तिथे हळद-तिखट घेता घेता मीच तिला ओढून आणलं होतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, आणि हातात असा जोर की चेंडू कुंपणापलीकडे जायचा. अंगात खेळ होता. तरी आम्ही दोघी एका बाजूला असलो की हटकून हरायचो, आणि एकाच कारणाने. चेंडू दोघींच्या मधोमध आला की ती थांबायची, मी थांबायचे, आणि चेंडू दोघींच्या मधून सुखरूप निघून जायचा.

"मना वाटला तुमी घेताव, डॉक्टरीणबाई," सकीना म्हणायची.

"अगं, मी म्हटलं तू घेशील."

"तुमच्या म्होरं मी कशी घेव? बरा दिसेल का?"

आनेकेने हे दोन-तीन आठवडे पाहिलं. तिला वाटलं, आमची नजर अधू आहे. मग मी तिला समजावलं की आमच्याकडे ताटातला शेवटचा लाडू असाच राहतो. सगळ्यांना हवा असतो आणि सगळे 'तुम्ही घ्या' म्हणतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या भाषेत 'माइन'ला काय म्हणतात? त्या दिवसापासून नियम झाला. चेंडू मध्ये आला की कोणीतरी 'माझा' किंवा 'तुझा' असं मोठ्याने म्हणायचंच. चुकीचं म्हटलं तरी चालेल, दोघी एकदम म्हणालात आणि रॅकेटी आपटल्या तरी चालेल, पण गप्प राहायचं नाही. एवढ्या एका गोष्टीवर ती चिडायची. फटका जाळ्यात गेला, सर्व्हिस हुकली, तर हसून सोडून द्यायची. गप्प राहिलं की मात्र खेळ थांबवायची. मला तेव्हा तो शिक्षकी हट्ट वाटायचा.

आणखी एक सवय होती. दुहेरीत प्रत्येकीची बाजू ठरलेली असते. आनेके आयुष्यभर डावीकडे खेळली, जोडीदार उजवीकडे. ते तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की रस्त्यानेही ती आपल्या डावीकडून चालायची. आपण चुकून त्या बाजूला गेलो तर दोन पावलांत, बोलणं न थांबवता, मागून वळसा घालून जागेवर यायची. मला प्रथम वाटलं, तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. कोर्टशेजारी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, त्यातली डावी तिची. गाडी कायम तीच चालवायची, कारण इथे चालवणारा डावीकडे बसतो.

खेळाबद्दल ती विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि बोलली तरी कौतुकाचं काही हाती लागायचं नाही. कालव्याकाठच्या एका गावात, विटांच्या भुकटीच्या लाल कोर्टवर ती शिकली. एकेरीत तिची मजल पात्रता फेऱ्यांपुढे क्वचितच गेली. "मी एकटी असले की मला फार विचार करायला वेळ मिळतो," असं त्याचं स्पष्टीकरण. प्रशिक्षकाने तिला आणि शेजारच्या गावच्या लीसला एकत्र उभं केलं आणि दोघी जिंकायला लागल्या. स्वस्तातल्या हॉटेलांत एक खोली, बेसिनमध्ये धुतलेले मोजे, रात्रीच्या आगगाड्या. मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी जिंकल्या तेव्हा पुरुषांचा सामना लांबल्यामुळे त्यांना बाजूच्या कोर्टवर पाठवलं होतं, आणि बक्षीस समारंभापर्यंत फोटोग्राफर जेवायला गेले होते. घरी न्यायला जी प्रतिकृती मिळाली ती उकडलेलं अंडं ठेवण्याएवढी. आनेके तिच्यात रबरबँड ठेवायची. पुढे तिने आणखी दोन मोठी विजेतेपदं मिळवली, दुसऱ्या जोडीदाराबरोबर. ते चषक कुठे आहेत, हे मला कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी एका मंगळवारी ती सर्व्हिस करायला उन्हाकडे तोंड करून उभी राहिली आणि मला तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. मला त्यानंतर खेळ सुचेना. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा तिने एकच विचारलं, "अजून किती दिवस मला माणसात बसता येईल?" मी म्हटलं, काही महिने. ती म्हणाली, "पुरतील." कशाला पुरतील, ते तेव्हा सांगितलं नाही.

त्याच सुमारास शहरात टेनिसची मोठी स्पर्धा भरायची होती. हल्ली इथे पुष्कळ काही मोठं भरतं. मी सतरंज्या आणि हारतुऱ्यांच्या देशातून आले आहे, मला वाटलं होतं समारंभ म्हणजे काय ते मी पाहिलंय; पण इथल्या दिव्यांपुढे आमचे मंडप म्हणजे घरगुती हळदीकुंकू. कोणीतरी शोधून काढलं की एक विजेती याच शहरात राहते, आणि कार्यक्रम आखणाऱ्या कंपनीने तिला कार्यालयात बोलावलं. मी सोबत गेले. सूट घातलेले एक हैदराबादी गृहस्थ होते, फार अदबशीर. त्यांनी मखमलीच्या पेटीतली ढाल दाखवली. वर 'लेजंड' असं कोरलेलं, खाली आनेकेचं नाव.

आनेकेने ढाल उलटून मागची बाजूही पाहिली. "दुसरं नाव कुठे आहे?"

ते गोंधळून माझ्याकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, "मॅडम, डबल्स है तो क्या हुआ, लेजंड तो सिंगल ही रहेगा ना?"

मी भाषांतर केलं. आनेके म्हणाली, जोडी जिंकली होती. दोन नावं नसतील तर ढाल अर्धी आहे आणि अर्धी ढाल घ्यायला ती येणार नाही. गृहस्थ हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या मॅडमना बोलावू. तिकीट आमचं, हॉटेल आमचं, व्हिसा आता मोबाइलवर मिळतो. येतील का त्या?

आनेकेने ढाल पेटीत परत ठेवली. मग म्हणाली, "विचारून सांगते."

परतताना गाडी मी चालवत होते. तिच्यात तेवढी शक्ती उरली नव्हती. म्हणजे माझ्या शेजारी ती पहिल्यांदाच उजवीकडे बसली होती. तिथून, समोर बघत, तिने सांगितलं. विजेतेपदानंतरच्या मोसमात लीसचा खांदा निखळला. आनेकेने एका स्पर्धेपुरती दुसरी जोडीदार घेतली. ती स्पर्धा त्या जिंकल्या, मग पुढची, मग पुढची. लीसला तिने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... लीसला ते कळलं मालिश करणाऱ्या बाईकडून, टेबलावर पालथी पडलेली असताना. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. लीस परत खेळली नाही. गावात मुलांना शिकवायला लागली. "आमच्या देशात कुठूनही कुठेही गाडीने दोन-तीन तासांत जाता येतं," आनेके म्हणाली, "म्हणून मी इथे राहिले." मरण्याआधी लीसला समोर बसवून एकदा बोलायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि तेच जमत नव्हतं.

पुढचा आठवडाभर ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. लीसने फोन घेतलाच नाही तर? घेतला आणि ठेवून दिला तर? मी तिला चांगली चांगली वाक्यं सुचवली. मी पुस्तकं फार वाचते, त्यामुळे माझ्याकडे अशी वाक्यं असतात. एकाचाही उपयोग झाला नाही. मंगळवारी ती नुसती खुर्चीत बसायला कोर्टवर आली, फोन मांडीवर. सकीनाला सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. सकीना घाम पुसत आली, तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "हिला सांगा, डॉक्टरीणबाई, बॉल मदी पडलाय. आमाला ओरडाया लावते, आनि आपुन गप बसून रवली हाय."

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. मग आनेकेने फोन लावला, तिथेच, आमच्यासमोर. डच भाषा मला येत नाही. ती चारच वाक्यं बोलली असेल. मग ऐकलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"तारीख विचारली."

लीस आली ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी. विमानतळावरून मी तिला आनेकेच्या घरी नेलं. उंच, काटकुळी बाई, उजवा खांदा जरा पडलेला. आनेके सोफ्याऐवजी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, ताठ बसता यावं म्हणून. तिच्या समोर एक खुर्ची मुद्दाम ओढून ठेवली होती, पाहुणीसाठी. उजवीकडच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. लीसने समोरच्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाला वळसा घालून आली, वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली आणि उजवीकडे बसली.

मी चहाच्या निमित्ताने उठायला लागले, तर आनेकेने थांब म्हटलं. मला वाटतं, तिला पंच हवा होता. माझ्यामुळे त्या इंग्रजीत बोलल्या.

"माझा खांदा गेला होता," लीस म्हणाली. "तुला दुसरी घ्यावीच लागली असती. मीच शोधून दिली असती. तू नुसतं ओरडायला हवं होतंस."

"ओरडले नाही."

"नाही."

दोघी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. मग लीसने कॉफी मागितली. मी वेलदोड्याची अरबी कॉफी दिली, तर म्हणाली, ही कॉफी आहे की औषध? आनेके म्हणाली, "औषध डॉक्टर वेगळं देते, त्याने झोप लागते." मग त्यांनी भाषा बदलली आणि मी घरी गेले.

समारंभ व्हायचा तसाच झाला. गायक उशिरा आला, त्यामुळे लेजंड लोकांचा वेळ कापला गेला, आणि निवेदकाने दोन्ही नावांचे उच्चार सारख्याच आत्मविश्वासाने चुकवले. ढालीवर मात्र दोन नावं होती. दोघींनी मिळून ती धरली, कारण आनेकेला एकटीला पेलली नसती. ती डावीकडे उभी होती. मी समारंभांना आयुष्यभर नावं ठेवत आले आहे आणि पुढेही ठेवणार आहे. पण त्या हैदराबादी गृहस्थांनी 'येतील का त्या?' हा साधा प्रश्न विचारला नसता, तर आमच्यापैकी कोणी विचारला असता असं मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात लीस पुन्हा आली आणि तिला आपल्या गावी घेऊन गेली. शेवटचे दिवस आनेके तिथेच होती, पाऊस पडणाऱ्या देशात. मेसेजवर लिहायची, कोर्ट ओली आहेत.

आम्ही मंगळवारी अजून खेळतो. परवा चेंडू मधोमध आला, सकीना आणि मी एकदमच 'माझा' म्हणालो आणि रॅकेटी आपटल्या. तिच्या रॅकेटची एक तार तुटली. "लागला का तुमाला?" तिने विचारलं. नाही म्हटलं. आम्ही पाणी प्यायला बाजूला आलो. ती उजव्या खुर्चीत बसली, मी उभी राहिले.

"बसा ना."

"तिची आहे ती."

"तिची बाजू व्हती ती. खुर्ची कंपाउंडची हाय. बसा."

मी बसले. इथल्या उन्हात प्लॅस्टिक खडूसारखं होतं. खुर्चीच्या डाव्या हातावर तळवा ठेवला तर पांढरी पूड हाताला लागली. उजवा हात मात्र गुळगुळीत होता. तिचं कोपर तिथे असायचं... शेजारच्या खुर्चीच्या बाजूला.